शिक्षकाच्या खिशावर आणखी किती वर्षं? : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद प्रशालेत शिकवते. त्याआधी बरीच वर्षं वस्तीवरच्या शाळेत होते. दोन्हीकडे वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. या मुलांच्या पैशाच्या आणि मनाच्या अडचणी बहुतांशी शिक्षकच आपापल्या परीने निभावून नेतात. त्याबद्दल पाच सप्टेंबरला आमचं कौतुक होतं, पुरस्कार मिळतात. कौतुकाने बरं वाटतं, ते नाकारत नाही. पण ज्या कामाचं सरकार कौतुक करतं ते काम मुळात सरकारचं आहे आणि आज ते आमच्या पगारावर आणि आमच्या झोपेवर चाललं आहे. ते आपण आपल्या अंगावर घ्यावं, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे.

दसरा-दिवाळीच्या आगेमागे आमच्या गावांत मुकादमांचे ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यावर उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडाजवळ कोपी करून पाच-सहा महिने राहावं लागतं. मूल सोबत नेलं तर शाळा बुडते. मागे ठेवलं तर ते थकलेल्या आजीपाशी राहतं, आणि मग आजीलाच ते सांभाळतं. पाणी आणणं, चूल, आजीच्या गोळ्या, धाकट्या भावाची अंघोळ, आणि हे सगळं उरकून दहा वाजता शाळा.

दहावीच्या बोर्डाचे अर्जही साधारण याच दिवसांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचे असतात. घरात तेव्हा उचलीचा पैसा आलेला असतो खरा, पण तो आधीच्या देण्यात, दवाखान्यात, एखाद्या लग्नात कधीच गेलेला असतो. परीक्षा शुल्क भरायची तारीख जवळ येते, बाप फडात, फोन लागत नाही. दुष्काळी भागातल्या मुलांना शुल्काची प्रतिपूर्ती मिळते, पण प्रतिपूर्ती म्हणजे आधी भरायचं आणि मग परत मिळण्याची वाट बघायची. ते आधीचे पैसे कुणाचे असतात, हे कोणत्याही प्रशालेतल्या वर्गशिक्षकाला विचारा.

गावातल्या जनरल स्टोअरमध्ये मॅडमच्या नावाने खातं असतं. वह्या, कंपास, रंगपेटी, कुणाची चप्पल, कधी मोठ्या मुलींसाठी पॅड. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, ही मोठी सोय आहे. मुलांना सवलतीतला पास पैसे भरून काढावा लागतो आणि तो संपला की मुलगा चार दिवस शाळेत दिसत नाही. चौकशी केली की म्हणतो, ताप होता. पाचव्या दिवशी सर स्वतःच पास काढून आणतात आणि तापाचा विषय कुणी काढत नाही.

पैसे देणं हा त्यातला सोपा भाग आहे. ते कसे दिले, हे मुलाच्या मनात राहतं. आमचे एक सर सहलीचे पैसे बंद पाकिटात घेत. वर्गातल्या प्रत्येकाने पाकीट द्यायचं, वर नाव लिहायचं. काही पाकिटं रिकामी असत. कोणती, ते सरांनाच ठाऊक. बसमध्ये सगळी पोरं सारखी बसत. दुसऱ्या एका बाईंच्या कपाटात कोऱ्या वह्यांचा गठ्ठा असतो. गोष्टीचं पुस्तक वाचून झालं की वही मिळते, मग ते मूल सरपंचाचं असो की सालगड्याचं. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. मुलाला लाज वाटू नये, एवढी एकच गोष्ट त्यांनी धरून ठेवली आहे.

साहेब, आपल्या योजनांनीही नेमकं हेच धरून ठेवावं असं मला वाटतं. गणवेशाचं उदाहरण घ्या. कित्येक वर्षं तो सगळ्या मुलींना आणि मुलांपैकी अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळायचा. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकाला नवा सदरा आणि दुसऱ्याला नाही. मग उरलेल्यांसाठी शिक्षक वर्गणी काढायचे. २०२३-२४ पासून राज्याने तो सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या सगळ्याच मुलांना द्यायचं ठरवलं. तो निर्णय मला मनापासून आवडला, कारण त्यात कुणालाही उभं राहून आपली गरिबी सांगावी लागत नाही. त्याउलट २०१७-१८ मध्ये गणवेशाचे ४०० रुपये आई आणि मूल यांच्या संयुक्त बँक खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा खातं उघडायला तालुक्याला जाण्यात आयांची मजुरी बुडाली. कित्येक मुलं ते वर्ष जुन्या कपड्यांवर शाळेत आली. मुलींचा उपस्थिती भत्ता १९९२ मध्ये सुरू झाला. दिवसाला १ रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. त्या काळी त्या रुपयाला काही अर्थ असेल. पुढे वर्षानुवर्षं तो रुपयाच राहिला आणि त्याच्यासाठी दाखले मात्र पूर्ण लागायचे.

ज्या मुलांचे वडील गेले आहेत, त्यांच्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. महिन्याला २,२५० रुपये. ही चांगली योजना आहे, तिच्यामुळे टिकलेली मुलं मी पाहिली आहेत. पण नवरा गेल्यावर महिन्याभरात पुन्हा कामाला लागलेल्या बाईला हे सांगतं कोण? अंगणवाडीताई किंवा शाळेतले सर. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, आधार, बँकेचं पासबुक, दोघांचे फोटो हे सगळं गोळा करून जिल्ह्याच्या कार्यालयात कोण देतं? बऱ्याचदा रविवारी, स्वतःच्या गाडीवर पेट्रोल घालून, तेच सर. ती बाई आपल्या कार्यालयाच्या दारात येण्याऐवजी कार्यालयानेच शाळेच्या एका पत्रावर तिच्या दारात का जाऊ नये? मुलाचे वडील गेले हे शाळेला दुसऱ्याच दिवशी कळतं. शाळेचा शब्द पुरावा म्हणून धरायला काय हरकत आहे?

आणि एक विनंती इथेच करते. दप्तर वाटप, सायकल वाटप, स्वेटर वाटप, सगळीकडे मुलाला रांगेत उभं करून देणाऱ्याबरोबर फोटो काढतात. तो गावातल्या गटावर जातो, बॅनरवर चढतो. सातवी-आठवीतली मुलं त्या फोटोत मान खाली घालून उभी असतात. मदत घेणाऱ्या मुलाचा चेहरा दाखवायला बंदी करणारा एका ओळीचा आदेश काढा. त्याला एक पैसाही लागत नाही.

आता मनाच्या अडचणींबद्दल. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण पैशाची चणचण निदान डोळ्यांना दिसते.

आईबाप फडावर गेल्यावर मुलं "आठवण येते" असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, पोटात दुखतंय. डोकं दुखतंय, घरी जाऊ का? दुसरीतलं पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं आणि आजी वैतागून शाळेत सांगते. एरवी शांत असलेला मुलगा मधल्या सुट्टीत दुसऱ्याला दगड मारतो. एखादी मुलगी अचानक फार शहाणी होते, कशालाच नाही म्हणत नाही, कधी रडत नाही, आणि मला तिचीच जास्त भीती वाटते. नवा शिक्षक यावर रागावतो. चार हंगाम पाहिलेला शिक्षक रागावत नाही. तो त्या मुलाला हजेरीपट आणायला पाठवतो, फळ्याची तारीख लिहायला लावतो, शाळा सुटल्यावर झाडांना पाणी घालायला थांबवतो. समोर बसवून "तुला काय होतंय" असं विचारलं की मूल गप्प होतं. हातात झारी असली की आपणहून बोलतं.

संध्याकाळी फडातून कोपीवर आल्यावर आईबापांना फोन लावून देणं हेही आमच्याकडे शिक्षकाचंच काम झालं आहे. आजीकडे साधा फोन असतो, त्यात पैसे नसतात. शाळेतल्या बाई आपल्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावतात. आई घाईघाईने डोक्याचा रुमाल सोडते, हात पुसते. पोर तिला वहीतली लाल शाईतली सही दाखवतं. दोन मिनिटंच बोलणं होतं, पण दुसऱ्या दिवशी पोटदुखी नसते. माझ्या माहितीत असे कितीतरी शिक्षक आहेत जे हंगामभर ही पाळी लावतात. यातलं काहीही कुठल्याही पोर्टलवर भरलेलं नाही.

पण शिक्षकाच्या प्रेमाला जिथे मर्यादा येते, ती जागाही मला आपल्याला दाखवायची आहे. वडिलांनी गळफास घेतलेला पाहिलेला मुलगा माझ्या वर्गात होता. मी त्याच्याजवळ बसले, त्याला घरी जेवायला नेलं, त्याच्या आईशी बोलत राहिले. त्या पलीकडे काय करायचं हे मला माहीत नव्हतं. ते माझं शिक्षण नाही. ज्या प्रश्नाला प्रशिक्षित माणूस हवा, तिथे फक्त माया असून भागत नाही. चुकीचा एक शब्दही अशा मुलाला लागू शकतो आणि ती धास्ती घेऊन शिक्षक घरी जातो. त्या शिक्षकाने कुणाशी बोलायचं, याचंही उत्तर आज आपल्या खात्याकडे नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. २०२१ मध्येही आपणच पहिले होतो, १,८३४. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा असं म्हटलं आहे. शंभरपेक्षा कमी पट असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं.

आमच्या भागातल्या बहुतेक वस्तीशाळांचा पट शंभराच्या आत आहे. म्हणजे त्यांच्या वाट्याला बाहेरचा तज्ज्ञ. तो तज्ज्ञ जिल्ह्याच्या रुग्णालयात बसतो. तांड्यावरची आजी नातवाला घेऊन दोन एसट्या बदलून तिथे जाईल, रांगेत बसेल, पुन्हा पंधरा दिवसांनी जाईल, असं आपल्याला खरंच वाटतं का? टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आम्ही शाळेच्या भिंतीवर रंगवला आहे. तो चांगलाच आहे, रात्री-अपरात्री कुणीतरी फोन उचलतं. पण आठ वर्षांचं मूल भिंतीवरच्या नंबरला फोन लावत नाही. त्याला ओळखीचा चेहरा लागतो, दर आठवड्याला येणारा.

यासाठी नवा रस्ता शोधायची गरज नाही, तो आपल्याच सरकारने काढला आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक केंद्राला एक विशेष शिक्षक, अशी ४,८६० पदं २०२४ मध्ये मंजूर झाली. त्याच केंद्रांना एकेक समुपदेशक द्या. केंद्रात दहा-बारा शाळा असतात, आठवड्यातून एकदा नाही तरी पंधरवड्यातून एकदा तो प्रत्येक शाळेत पोचेल. सुरुवात सगळीकडे जमत नसेल तर ज्या तालुक्यांतून कोयते जास्त जातात आणि जिथे शेतकरी आत्महत्या जास्त झाल्या आहेत, तिथून करा. आणि कृपा करून त्या माणसाला निवडणुकीच्या कामाला लावू नका.

हे शेवटचं वाक्य मी सहज लिहिलेलं नाही. मुलाचा चेहरा वाचायला शिक्षकाला त्या चेहऱ्यासमोर बसावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बाकीच्या अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. प्रत्यक्षात दुपारी दोनला निरोप येतो की चारपर्यंत माहिती लिंकवर भरा. दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक माहिती भरत बसतो आणि दुसरा चार वर्ग सांभाळतो. त्या दिवशी कुणाच्या पोटात दुखत होतं, ते कुणालाच कळत नाही.

मुलींचं वेगळं सांगायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाली, त्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं. आमच्या बीड जिल्ह्यात ते चाळिशीच्या पुढे. यामागे नुसत्या रूढी आहेत असं समजू नका. वयात आलेली मुलगी म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायची भीती आणि फडात न्यायची त्याहून मोठी भीती. त्यात लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, त्यावर उचल मिळते. हिशेब क्रूर आहे, पण तो माणसांनी नाइलाजाने केलेला आहे. हा धोका सुरू होतो आठवी-नववीत. आणि नेमकं आठवीनंतर शिक्षण हक्क कायद्याची हद्द संपते, शाळेतलं जेवण बंद होतं, मोफत पुस्तकं बंद होतात. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा जी पोरं काढतात त्यांना वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि त्या पैशाने कितीतरी मुली बारावीपर्यंत पोचल्या आहेत. पण ते थोड्यांच्या नशिबी. बाकीच्यांसाठी वर्गशिक्षिका घरी जाऊन बापाच्या हातापाया पडते. कधी चाइल्डलाइनच्या १०९८ ला कळवते आणि गावाचा रोष घेते. लग्न थांबवलेल्या शिक्षिकेचं नाव गुप्त राहील, याची हमीसुद्धा आज तिला नाही.

सगळे शिक्षक असे आहेत असं मी म्हणणार नाही. फी राहिली म्हणून वर्गाबाहेर उभं करणारे आहेत, जात काढून बोलणारे आहेत, गैरहजर मुलाचं नाव "कायम स्थलांतरित" म्हणून कमी करून मोकळे होणारेही आहेत. म्हणूनच मी म्हणते की मुलाचा आधार शिक्षकाच्या चांगुलपणावर टांगता ठेवू नका. चांगले सर मिळाले तर मूल तरलं, नाही मिळाले तर गेलं, ही काही व्यवस्था नाही.

आमच्या प्रशिक्षणांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट आपले दागिने दिल्याची हकिकत सांगतात. ती ऐकताना आजही माझे डोळे भरतात. पण लक्ष्मीबाईंच्या काळी राज्य परकं होतं आणि बहुजनांच्या पोरांचं शिक्षण ही त्याने आपली जबाबदारी मानली नव्हती. आज राज्य आपलं आहे, कायदा आहे, अंदाजपत्रक आहे. त्यांच्या त्यागाचा मान राखायचा तर पुन्हा कुठल्या बाईवर ती वेळ येऊ नये, एवढं तरी व्हायला हवं.

पैशाबद्दल माझं मागणं लहान आहे. समग्र शिक्षातून शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान येतं, तीस मुलांपर्यंत १०,००० रुपये, शंभरापर्यंत २५,०००. त्यातून वीजबिल, दुरुस्ती, साहित्य, स्वच्छता भागवायची असते. यापलीकडे प्रत्येक शाळेला वर्षाला थोडी रक्कम अशी द्या, जी मुख्याध्यापक आणि एक शिक्षिका मिळून त्याच दिवशी एखाद्या मुलासाठी खर्च करू शकतील. चष्मा, पास, परीक्षा शुल्क, दवाखान्याचं भाडं. पावती ठेवू, शाळा व्यवस्थापन समितीपुढे खर्च मांडू, फक्त मुलाचं नाव वाचून दाखवणार नाही. लेखापरीक्षकाला नाव हवंच असेल तर ते बंद पाकिटात देऊ.

आणि एक गोष्ट याच हंगामाआधी होऊ शकते. मागे राहिलेल्या मुलांसाठी आपण हंगामी वसतिगृहं चालवता. मुलं आपल्याच गावात राहतात, दोन वेळा जेवतात, संध्याकाळी अभ्यासाला बसतात. या योजनेने शाळा टिकवल्या आहेत. पण मंजुरी अनेकदा अशी येते की तोवर ट्रक निघून गेलेले असतात आणि मुलंही त्यात बसून गेलेली असतात. एकदा फडावर गेलेलं मूल शिक्षण हमी पत्रक हातात असूनही तिथल्या शाळेत क्वचितच रुळतं. आधीच्या दोन-तीन आठवड्यांत शिक्षक दारोदार फिरून "पोराला ठेवून जा, सोय होईल" असं सांगत असतात. तेव्हा त्यांच्या हातात आदेश नसतो, तो येईल असा अंदाज असतो. बाप विचारतो, नक्की का? शिक्षक हो म्हणतो आणि वसतिगृह सुरू होईपर्यंतचा किराणा स्वतः भरतो.

उसाचं गाळप कधी सुरू करायचं, हे दरवर्षी मंत्री समितीच्या बैठकीत ठरतं. म्हणजे आमची माणसं गाव कधी सोडणार, हे सरकारला आमच्याआधी कळतं. ज्या दिवशी गाळपाची तारीख जाहीर होईल, त्याच दिवशी हंगामी वसतिगृहांच्या मंजुरीचा आदेश आणि पहिल्या महिन्याचा निधी निघावा. या वेळी नववी-दहावीच्या मुलीही त्यात धरा. सहकार, आरोग्य, महिला व बालविकास, शालेय शिक्षण अशी चार खाती त्यासाठी एका टेबलाशी बसवावी लागतील. ते आपण करू शकता, मी करू शकत नाही.

आपली नम्र,
एक शिक्षिका
जिल्हा परिषद प्रशाला, बीड जिल्हा